समोरच्याचा हात

“काकू, मूठ मिटा.”

विजयमालाबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मूठ मिटली. निदान त्यांना तरी तसं वाटलं. त्यांचा उजवा हात कोपरापुढे जेमतेम वीतभर उरला होता. पण त्या वीतभर हातातले स्नायू अजून कामावर हजर होते. ते आवळले, की भोवतीच्या पट्ट्यातल्या आठ चकत्या ते टिपून घेत, माझ्या लॅपटॉपवर आठ रेघा उसळत आणि टेबलावर उभा करून ठेवलेला काळा यांत्रिक हात हलत असे.

तो हलला. पण मिटायच्या ऐवजी सताड उघडला.

“आता चिमटीत धरा.”

यांत्रिक हातानं मनगट गर्रकन फिरवलं.

“ह्यो हात न्हवं, माजी सासू हाय,” विजयमालाबाई म्हणाल्या. “मी एक सांगायचं आन तिनं भलतंच करायचं.”

दाराशी उभ्या असलेल्या सलमा सिस्टर खुदकन हसल्या. मला हसू आलं नाही. तो मंगळवार होता आणि शनिवारी परीक्षा होती.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मिरजेतल्या एका लहानशा कृत्रिम अवयव केंद्रात मी नुकतीच लागले होते. वय सव्वीस, डिग्री ताजी, आणि आपल्याला सगळं येतं हा समजही ताजाच. तोवर आमच्याकडे येणारे विजेवरचे हात साधे होते. एक स्नायू आवळला की उघडायचं, दुसरा आवळला की मिटायचं, एवढंच त्यांना कळे. हा नवा हात शिकणारा होता. हात तुटला तरी माणसाच्या मनात तो हात असतोच. त्या मनातल्या हातानं मूठ मिटली की उरलेले स्नायू एका ठरावीक रीतीनं आवळतात, बोटं पसरली की दुसऱ्या रीतीनं. यंत्रानं त्या रीती ओळखायच्या, लक्षात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी बरोबर तीच हालचाल करायची. अट एकच. माणसानं दर वेळी मूठ अगदी तशीच मिटायला हवी. आज अशी आणि उद्या तशी, हे यंत्राला चालत नाही.

तो हात पुण्याच्या एका संस्थेनं महिनाभरासाठी दिला होता. शनिवारी त्यांच्या बाई येऊन परीक्षा घेणार होत्या. शंभरातल्या पंच्याऐंशी हालचाली बरोबर आल्या, तर हात विजयमालाबाईंचा. नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाकडे. मंगळवारी आम्ही बावन्नवर होतो.

विजयमाला दहिवाळ या तासगावकडच्या एका गावातल्या कासारीण. आठवड्याचे चार बाजार आणि लग्नसराईत चुडे भरायचं काम, असं तीस वर्षं चाललेलं. दीड वर्षापूर्वी घरच्या म्हशीसाठी कडबा तोडताना कुट्टीच्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या दवाखान्यात काढून टाकल्या, आणि तेव्हापासून ते मनगट मोकळंच होतं. एका हातानं त्याच हातात काचेची बांगडी चढवता येत नाही, कुणीही करून बघावं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला काय हवं ते सरळ सांगितलं होतं. “ताई, मला पेला उचलायचा न्हाई. माजं जेवन डाव्या हातानं हुतं. मला माज्या हातानं माज्या बांगड्या भरायच्या हाईत. गेल्या वैशाखात एका चुड्याला गेले. नवरीची मावशी लई गोड बोलली. म्हनली, तुमी सावलीत बसा, भरायचं आमी बघतो. आता बगा, मोकळ्या हाताच्या कासारनीकडनं कुनाची लेक चुडा भरून घेईल?”

“मग काका भरतील की तुमच्या बांगड्या,” मी म्हटलं होतं. त्यांचे यजमान अनंतराव बाकावरच बसले होते. तेही कासारच, जन्मभर बांगड्याच भरत आलेले.

विजयमालाबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अनंतराव उठून पाणी प्यायला बाहेर गेले. मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोलले. पण काय ते कळलं नाही, आणि मी पट्टा बांधायच्या नादात विसरूनही गेले.

बुधवारी आकडा एकोणपन्नासवर आला. शिकवावं तसा वाढायच्या ऐवजी तो घसरत होता. मी त्यांना दटावलं. “काकू, लक्ष द्या ना. जोरात नको, हळू नको, दर वेळी तसंच करायचं.”

“तसंच करते की वो!”

“नाही करत. ही बघा रेघ. ही गेल्या आठवड्यातली, ही आजची.”

“मला रेगंतलं काय कळतं? मी माजं काम नीट करते. तुमच्या यंत्रालाच कळंना, त्येला मी काय करू?”

रागानं त्यांनी पट्टा ओढून काढला आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा रागच आला होता. मनात म्हटलं, बाईंना शिकायचंच नाहीये.

दुपारी चहाच्या टपरीवर अनंतराव भेटले. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात चष्मा. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला बोलू नका, ताई. चूक तिची न्हाई.”

“मी बोलले नाही काका, फक्त...”

“बटन मी दाबलं,” ते म्हणाले.

मला क्षणभर कळेना, कसलं बटण.

“लाइट गेलती. कडबा अडकला हुता, म्हनून तिनं हात घातला काढाया. मी पलीकडं, शेडाच्या आडोशाला. लाइट आली. मला वाटलं, यंत्र रिकामं हाय.” त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. “दीड वरीस झालं. बांगड्या भरतो म्हटलं की तोंड फिरवते. हात लावू देत न्हाई. तिच्या जागी मी असतो, तर मी बी दिला नसता.”

मी दोघांच्या चहाचे पैसे दिले. केंद्रात परत येताना मात्र सगळं कोडं सुटल्यासारखं वाटलं. बाईंच्या मनात नवऱ्याबद्दल राग आहे, ते समोर बसलेले असतात, मग यांचं चित्त थाऱ्यावर कसं राहणार? आत येऊन मी अनंतरावांना म्हटलं, “काका, उद्यापासून तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसा. काकूंचं लक्ष लागत नाही.” ते मुकाट्यानं उठले. माझी मीच माझ्यावर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी अनंतराव बाहेर होते आणि आकडा सत्तेचाळीस आला.

मग मात्र मी जे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं ते केलं. दार लावून घेतलं आणि तीन आठवड्यांच्या सगळ्या नोंदी उघडून बसले. नुसत्या मुठीच्या रेघा एकाखाली एक लावल्या. आणि चमत्कार असा, की त्या वाटेल तशा नव्हत्याच. त्यांचे तीन सरळ गट पडत होते. एका गटातल्या रेघा एकमेकींच्या जुळ्या बहिणी शोभतील अशा. दुसरा गट वेगळा, पण आपल्यापुरता तोही तसाच. तिसऱ्याचंही तेच. कुठल्या रेघा कुणी नोंदवल्या हे मी तपासलं. पहिला गट मी घेतलेल्या तासांचा. दुसरा, गेल्या आठवड्यात मी रजेवर असताना सलमा सिस्टरांनी घेतलेल्या तासांचा. तिसऱ्यात थोड्याच नोंदी होत्या, आमचे प्रमुख डॉ. हुक्केरी एकदा अर्धा तास बसले होते त्या वेळच्या.

मी धावतच बाहेर आले. विजयमालाबाई सलमा सिस्टरांना कुठल्या हाताला कुठल्या मापाची बांगडी लागते ते समजावत होत्या.

“काकू, मी मूठ मिटा म्हटल्यावर तुम्ही मनात काय करता?”

“करनार काय? तुमचा हात धरते.”

“माझा?”

“मग कुनाचा? समोर बसलेल्याचा.” त्यांनी मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “हवंत कसली मूठ मिटायची? समोरचीचा हात घ्यायचा, अंगठा आत दाबायचा, पंजा मऊ करून घ्यायचा. मिटनं म्हंजे त्येच की. तीस वर्सं दुसरं काय केलं मी?”

“आणि दर वेळी वेगळं?”

“आता हात येगळा, तर दाबनं येगळंच की! तुमचा हाडकुळा, अंगठ्याचं मूळ टनक. तुमास्नी जरा धीरानं घ्यावं लागतं. ह्या सलमाताईचा लोन्याचा गोळा, नुस्ता धरला तरी बांगडी सरकंल. डाक्टरसायबांचा म्हंजे...” त्यांनी पदर तोंडाला लावला. “त्येंच्या हातात बांगडी भरायची म्हंजे साबनच पायजे.”

सलमा सिस्टर हसत सुटल्या. मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. बाई तीन आठवडे जीव तोडून काम करत होत्या. प्रत्येक मुठीला त्यांनी समोरच्या माणसाचा हात ओळखून, जोखून, नेमका जेवढा हवा तेवढा दाबला होता. दोन हात सारखे न धरणं हीच त्यांची सगळी विद्या, आणि मी त्यांना ती गुन्ह्यासारखी दाखवत होते. मला मनापासून लाज वाटली, आणि मी तसं त्यांना सांगितलं.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “यंत्राला किती हात चालत्यात?”

“एकच.”

“एकच?” त्यांना ते फारच कद्रूपणाचं वाटलं असावं. “बरं. एकच धरते मग.”

“कुणाचा धराल? नीट ठाऊक असलेला हवा. दर वेळी तोच.”

त्यांनी आपल्याच हाताकडे पाहिलं. मग डावा हात टेबलावर ठेवला, मोकळ्या मनगटासकट. “ह्यो. म्हयन्या-दोन म्हयन्यांनी भरत आले. लगीन झाल्यापासनं दुसऱ्या कुनाला भरू दिला न्हाई. ह्येच्यापेक्षा ठावका हात कुटला असनार?”

मी यंत्रातले जुने धडे पुसले आणि पट्टा बांधून नव्यानं शिकवायला घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, नजर डाव्या हातावर ठेवली. मी म्हटलं, मूठ. काळा हात मिटला. मी म्हटलं, उघडा. उघडला. चिमटी. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना येऊन टेकली. संध्याकाळी केंद्र बंद करायच्या वेळी आकडा अठ्ठ्याऐंशी होता.

शुक्रवारी त्यांच्या उरलेल्या हातावर साचा चढवून त्याला यांत्रिक हात जोडला आणि त्यांनी पिशवीतून बांगड्यांचा डबा काढला. मी म्हटलं, प्लास्टिकच्या घेऊन सराव करू. त्यांनी तो विषय झटकून टाकला. कासारीण काय प्लास्टिक घालणार! पहिली काचेची बांगडी काळ्या चिमटीत धरली आणि कट्‌कन आवाज झाला.

“फुटली,” मी म्हटलं.

“फुटली म्हनू न्हाई. वाढली म्हनावं,” त्यांनी मला शिकवलं आणि दुसरी घेतली. तीही वाढली. दुपारपर्यंत अकरा वाढल्या. बाराव्या खेपेला बांगडी चिमटीत राहिली, पण डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांशी येऊन अडली. पुढे सरकेना. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी थांबा म्हटलं तर थांबेनात. शेवटी सलमा सिस्टरांनी बॅटरी उतरल्याची थाप मारली, तेव्हा कुठे त्या उठल्या.

व्हरांड्यात अनंतराव उभे होते. त्यांनी दारातून काचा पाहिल्या, आत येऊन, खाली बसून एक एक तुकडा वेचला आणि कागदात गुंडाळला. 

शनिवारी सकाळी पुण्याहून अग्निहोत्री मॅडम आल्या. गोऱ्या, भरल्या अंगाच्या, दोन्ही हातांत सोन्याच्या बांगड्या. त्या टेबलाच्या पलीकडे बसल्या, यादी काढली आणि प्रसन्न हसून म्हणाल्या, “चला, मूठ मिटा.”

विजयमालाबाईंनी डाव्या हाताकडे बघायला हवं होतं. पण त्यांची नजर मॅडमच्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. काळा हात अर्धवट मिटला आणि थरथरत थांबला.

“पुन्हा एकदा.”

हात उघडला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. परीक्षा सुरू झाल्यावर आमच्यापैकी कुणी बोलायचं नाही असा नियम होता.  तिसरी हालचाल चुकली, चौथीही. मॅडमनी कागदावर चार फुल्या मारल्या.

विजयमालाबाईंनी एक सुस्कारा सोडला. “मॅडम, रागावू नका. तुमी जरा माज्या पाटीमागं बसता का?”

“का हो?”

“तुमचा हात लई चांगला हाय. समोर असला की माजं मन धरायला धावतं.”

अग्निहोत्री मॅडम आधी गोंधळल्या, मग आपल्या हाताकडे बघून चक्क लाजल्या. खुर्ची उचलून मागे जाऊन बसल्या. विजयमालाबाईंनी डावा हात टेबलावर समोर ठेवला.

पुढच्या शहाण्णव हालचालींत एकही अर्धवट राहिली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पाच चुकल्या. सुरुवातीच्या चार धरून नऊ. एक्क्याण्णव मार्क पडले. डॉ. हुक्केरींनी, जे कधीच कुणाची पाठ थोपटत नसत, माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे झुकले.

“हात तुमचा,” मॅडम म्हणाल्या. “अभिनंदन!”

विजयमालाबाईंनी मान डोलावली, पण त्यांचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. त्यांनी पिशवीतून डबा काढून झाकण उघडलं. एक हिरवी बांगडी काळ्या चिमटीत घेतली. तडकली नाही. डाव्या हाताचा अंगठा तळव्यात दुमडला, हात टेबलाच्या कडेला दाबून निमुळता केला आणि बांगडी बोटांवरून वर आणली. पेरांशी ती अडली. त्या थांबल्या. जोर केला नाही. हात किंचित वळवला, श्वास सोडला, पुन्हा वळवला. कितीतरी वेळ लागला. आम्ही चौघं भोवती उभे होतो. आणि मग ती बांगडी पेरं ओलांडून सर्रकन मनगटावर उतरली.

त्यांनी हात वर करून हलवला. एकटी बांगडी वाजत नाही. तरी त्या ऐकत राहिल्यासारख्या वाटल्या.

मी दुसरी बांगडी पुढे केली. त्यांनी मान हलवली.

“त्येंना बोलवा आत.”

“कुणाला?”

“आमच्या मालकांना. भाईर कशाला बसवलंय त्येंना? म्हातारा मानूस, तीन दिस व्हरांड्यात.”

माझा चेहरा उतरला असणार. सलमा सिस्टर त्यांना बोलवायला गेल्या. तेवढ्यात मी खाली वाकून, हळूच विचारलं, “काकू, तुमचा राग आहे ना त्यांच्यावर?”

“राग?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “हात मीच घातला की यंत्रात. त्येंना काय ठावं? राग न्हाई वो, ताई. दीड वर्सात धा वेळा म्हनले, बांगड्या भरतो. दर वेळी डोळ्यांत पानी. पापाची फेड म्हनून भरलेली बांगडी मी कशी घालू? आन मला दुसरा इलाज न्हाई म्हनून भरून घेतली, तर त्येंना बी जलमभर तसंच वाटत ऱ्हानार.” त्यांनी मनगटावरची बांगडी जराशी वर सारली. “आता इलाज हाय माज्याकडं. आता भरू द्या.”

अनंतराव दारात आले. त्यांची नजर आधी बायकोच्या मनगटावर गेली. तिथली हिरवी बांगडी पाहून ते तिथेच थबकले.

“या की,” विजयमालाबाई म्हणाल्या. “एक मी भरली. एकीलाच अर्धा घंटा गेला. बाकीच्या माज्यानं आज हुनार न्हाईत. हिकडं बसा.”

“मी?”

“मग काय डाक्टरसायेब भरनार? बसा. आन डोळ्यांत पानी आनायचं न्हाई. धंदा हाय ह्यो.”

ते समोर बसले. खिशातला चष्मा काढून घातला. त्यांनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि नुसताच धरून ठेवला.

“अंगठा आत घ्या आदी,” त्या म्हणाल्या. “किती वर्सं कासार हाय तुमी?”

ते हसले.  तीस वर्षं ज्या हातात दुसऱ्या कुणी बांगडी भरली नव्हती, तो त्यांनी चेपून मऊ केला आणि पहिली बांगडी चढवली. मग दुसरी, मग तिसरी. विजयमालाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

त्यांना अजून जोडलेला काळा हात टेबलावर तसाच विसावला होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पण अनंतरावांनी तिचा पंजा दाबला की तो मिटत होता, बांगडी मनगटावर उतरली की हळूच उघडत होता. दर बांगडीला, अगदी तसाच, एकदाही न चुकता. डॉ. हुक्केरींनी मला खुणेनंच विचारलं, बंद करायचा का? मी नको म्हटलं.